प्रकाराशी इमान

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी बसवराजचं नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी. आईला त्याचं वाईट वाटत नाही, कारण हे पहिल्यांदा तीच म्हणाली होती. मी बी.ए. झालो तेव्हा कागलजवळच्या आमच्या गावात ती घरोघरी पेढे देत फिरली. कुणी माझं कौतुक केलं की म्हणायची, "त्यो काय हुतोय बी.ए.? कोल्हापूरच्या बसूनं केलं त्येला." ते खरं होतं, आणि मला ते तेव्हाही टोचलं होतं.

गेल्या महिन्यात बसू गेला. शाळेत माझा तास चालू होता. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि त्याने ऑफिसकडे हात केला. फोनवर गिरिजा वहिनी होत्या. "भावजी, हे गेले हो..." एवढंच म्हणाल्या. वर्षभर मूत्रपिंडाच्या दुखण्याने तो मिरजेच्या दवाखान्याच्या वाऱ्या करत होता, तेव्हा बातमी अगदी अचानक नव्हती. मी वर्गात परत गेलो आणि राहिलेली कविता शिकवून संपवली. असं का केलं ते मला सांगता येणार नाही.

त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्याला बसवून, फुलांनी सजवून नेलं. पाठ ताठ, हनुवटी जराशी वर... आमच्या चित्रपट मंडळाच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत तो अगदी असाच बसायचा. मागे रस्ता भरून माणसं. भांड्यांचे व्यापारी, निपाणीकडचे कानडी बोलणारे पाहुणे, लग्नाचं शूटिंग करणारी पोरं, कॉलेजातली मुलंमुली, त्याच्या भांड्यांच्या दुकानासमोर लिंबं विकणाऱ्या मावशी. चालता चालता माझ्या मनात आलं, माझ्या वेळी यांतली किती येतील? पंधरा-सोळा वर्षांची मैत्री असलेल्या माणसाला पोचवायला निघालो होतो आणि मला त्याचा हेवा वाटत होता. लिहायला बसल्यावर हेच आधी लिहावं लागतं आहे. हा हेवा वगळून बसू कसा होता ते मला सांगताच येणार नाही.

आमची ओळख झाली ती ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला कोल्हापुरात आलो होतो. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार, घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. रविवारी सकाळी एका हॉलमध्ये देशोदेशीचे सिनेमे दाखवतात असं वसतिगृहात ऐकलं होतं, म्हणून गेलो आणि सभासद नसल्यामुळे दारातच उभा राहिलो. आतून माझ्याच वयाचा एक गोरा, ठेंगणा मुलगा आला. "पावणं, दारात उभारून पिक्चर बघायचा म्हंजे शिटा रिकाम्या असताना गाडीच्या टपावर बसल्यागत झालं की. आत या." मी म्हणालो, मी सभासद नाही. "मग काय झालं? मी हाय न्हवं सभासद. माझ्या मांडीवर बसा." लोक हसले, आणि त्या हशात मी आत गेलो.

त्या दिवशीचा सिनेमा परदेशी होता. खालची इंग्रजी अक्षरं वाचता वाचता माझी दमछाक झाली. नंतर चर्चा झाली. मी वहीत टिपलेले दोन मुद्दे धीर करून मांडले. एकाकीपण, शहरी जीवन, असलं काहीतरी होतं ते. माझ्यानंतर बसू उठला आणि म्हणाला, "त्या बाईनं पयल्यांदा चहा केला तवा दोन कप घेतले. शेवटाला बी दोनच घेतले, पण दुसरा पालथाच ठेवला. नवरा परत यायचा न्हाय हे तिला तवाच कळलंय. आपल्याला मागनं कळतंय."  मी तोच सिनेमा पाहिला होता आणि तो कप मला दिसला नव्हता. बसू बारावीला दोनदा नापास होऊन वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात बसत होता. सिनेमावरचं एकही पुस्तक त्याने उघडलेलं नव्हतं. माझ्या हेव्याचा जन्म त्या पालथ्या कपापाशी झाला असं म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या वर्षी वसतिगृहात माझी जागा गेली. परत गावी जाऊन कारखान्यात चिकटावं असं ठरवून मी बसूला सांगायला गेलो, तर त्याने दुकानावरच्या माडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "वर पिंपं हायत, ती एका अंगाला सरकीव आनि अभ्यास कर. उंदरं आली तर त्यास्नीबी शिकीव." जेवण त्यांच्या घरी. पहिल्या दिवशी त्याच्या आईने, अव्वांनी, मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत हे त्यातून त्यांना कळलं असावं, कारण त्यांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. बसूने माझं ताट आपल्या ताटाला टेकेल असं ओढून घेतलं आणि कानडीत आईला काहीतरी म्हणाला. काय म्हणाला, ते मी कधी विचारलं नाही. भाकरी माझ्या ताटात पडली. वर्ष संपेपर्यंत अशी वेळ आली की मला जेवायला उशीर झाला तर अव्वा दुकानाच्या पायरीवरून माझ्या नावाने ओरडत. बसूने त्या दिवसाचा नंतर कधीही उल्लेख केला नाही. एकदा जरी केला असता, सहज बोलण्याच्या ओघात जरी, तरी मला ते ओझं पेलायला सोपं गेलं असतं. पण तो ते विसरून गेला होता. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट त्याच्या लक्षातही नव्हती.

दुकानात भांड्यांवर नावं घालायचं यंत्र होतं. लग्नसराईत बसू दिवसभर मान खाली घालून नावं कोरत बसे. मी पदवीधर झालो त्या आठवड्यात त्याने माझ्या आईसाठी एक पितळी कळशी पाठवली. तिच्यावर कोरलं होतं, 'मिलिंद बी.ए. झाला त्याबद्दल आईस सप्रेम'. देणाऱ्याचं नाव नाही. मी म्हटलं, "अरे, तुझं नाव का नाही घातलंस?" तर म्हणाला, "जागा संपली की." आमच्या आळीत ती कळशी बघायला बायका येत. आई पाण्याला निघाली की अक्षरांची बाजू बाहेर येईल अशी कळशी कमरेवर घेत असे.

पुढे मी शिक्षक झालो, कोल्हापुरातच नोकरी मिळाली, लग्न झालं. मंडळाचं काम आम्ही दोघंही करत होतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लग्नाच्या शूटिंगचे व्हिडिओ कॅमेरे गल्लोगल्ली झाले, तेव्हा मंडळाने हौशी लघुपटांची स्पर्धा सुरू केली. प्रत्येक संघाने हॉलमध्ये येऊन एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत सिनेमाचा प्रकार लिहिलेला असे. भयपट, रहस्यपट, विनोदी, प्रेमकथा, कौटुंबिक, ऐतिहासिक. जो निघेल त्या प्रकारचा दहा मिनिटांचा सिनेमा आठवड्यात करून आणायचा. गुणपत्रिकेत कथा, अभिनय, छायाचित्रण असे रकाने होते, आणि शिवाय सिनेमा आपल्या चिठ्ठीला किती धरून आहे याचा एक. या रकान्याला काय म्हणावं यावर बैठक झाली. मी संध्याकाळभर विचार करून 'प्रकारसुसंगती' असा शब्द नेला होता. बसू म्हणाला, "इमान म्हणा की. चिठ्ठीत जे आलं त्येच्याशी इमान राखलं का न्हाय, एवढंच बघायचं हाय न्हवं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. 'प्रकाराशी इमान' असं छापलं गेलं. मग तोच म्हणाला, "ह्यो रकाना मिलिंदला द्या. आपल्यात त्यो एकटाच नियमानं चालतो." हे कौतुक होतं की टोमणा, हे मी अजूनही ठरवू शकलेलो नाही. परीक्षक म्हणून मंडळाला खरं तर बसूच हवा होता. मिलिंद असेल तरच मी बसेन, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी तो रकाना फार मनापासून सांभाळला. प्रत्येक प्रकारासाठी स्वतःचे प्रश्न तयार केले. भयपटात प्रेक्षकाने कशाला भ्यायचं, आणि कुठल्या क्षणापासून? विनोदी सिनेमात हसू माणसांच्या स्वभावातून येतं की नुसतं पडण्याझडण्यातून? रहस्यपटातला प्रश्न सुरुवातीला पडतो का, शेवटपर्यंत टिकतो का, सुटतो का? हौशी पोरांना चिठ्ठी पाळणं जड जाई. विनोदी चिठ्ठी निघालेला संघसुद्धा सातव्या मिनिटाला नायकाची आई मारून मोकळा होई. ऐतिहासिक सिनेमात मावळ्यांच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा दिसे. एका संघाला प्रेमकथा निघाली, पण काम करायला मुलगी मिळेना. मुलींच्या घरी विचारायला जाणार कोण? त्यांनी नायिका दाखवलीच नाही. एका घरासमोर एका मुलाच्या सायकलची चेन रोज पडते, एवढाच सिनेमा. शेवटच्या दिवशी चेन पडत नाही आणि तो बिचारा खाली उतरून स्वतःच ती पाडतो. आम्ही दोघांनीही त्यांना भरभरून गुण दिले. तसं एकमत क्वचितच होई. एरवी माझे गुण प्रश्नांची उत्तरं जुळवून यायचे. बसू मात्र मान मागे टाकून बघायचा आणि बाहेर चहा पिताना एका वाक्यात असं काही सांगायचा की माझी प्रश्नावली मलाच शाळकरी वाटू लागे. घरी गेलो की सुनंदा, माझी बायको, विचारायची, "आज बसूभावजी काय म्हणाले?" मी काय म्हणालो, हे तिने कधी विचारल्याचं आठवत नाही.

मग वारणानगरच्या पोरांचा भयपट आला. कामगार वसाहतीतली पोरं होती, कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या चुलत्याचा. कथा भर दुपारची. वसाहतीतली माणसं पाळीवर गेलेली, एक बाई घरात एकटी, आणि शेजारच्या कुलूपबंद घरात मिक्सर चालू झाल्याचा आवाज येतो. कल्पना झकास होती. पण सिनेमा सुरू झाला तो देवाच्या तसबिरीपासून. हार, उदबत्ती, नारळ फुटतो, पाणी उडतं, 'प्रसन्न' अशी अक्षरं फिरत फिरत येऊन थांबतात. लग्नाच्या कॅसेटची सुरुवात आपल्याकडे अशीच करतात. देवाशिवाय कॅमेरा चालू करायचा नाही, हा त्या चुलत्याचा रिवाज. इमानाच्या रकान्यात मी निम्म्याहूनही कमी गुण दिले. बसूने पैकीच्या पैकी द्यायला सांगितले. त्या रकान्यावर पहिलं बक्षीस ठरणार होतं, तेव्हा आम्हाला मागच्या खोलीत बसून निकाल लावावा लागला. मंडळाचे चिटणीस, आम्ही ज्यांना अण्णा म्हणत असू, ते आमच्या दोघांच्या मध्ये बसले.

बसू म्हणाला, "मिल्या, अरे भूत दाखवायच्या आधी जी मानसं देवाला इचारत्यात, ती खरंच भ्यालेली असत्यात. बाकीच्या पोरांनी भूत पिक्चरमधी बघितलंय. ह्यास्नी घरात दिसलंय. ह्येच्यापरास इमान काय पायजे तुला?"

नेहमीप्रमाणे ते वाक्य ऐकून अण्णांचा चेहरा खुलला. मला माझा कागद चुरगाळून टाकावासा वाटला. तरी मी म्हणालो, "भ्यालेत ते करणारे. मी बघणाऱ्याचं विचारतोय. देव पाठीशी आहे असं पहिल्याच मिनिटाला सांगितल्यावर बघणारा कशाला भिईल? मिक्सर लागला तेव्हा मला नारळच आठवत होता. मला भीती वाटली नाही, बसू. तुला वाटली का?"

 तो गालात हसला. "न्हाय. मलाबी न्हाय वाटली." अण्णांकडे वळून म्हणाला, "घाला मास्तर म्हणतोय त्ये. बरोबर हाय त्येचं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या आधी काहीतरी पाहिलं होतं. त्या खोलीतून बाहेर पडताना माझे पाय हलके झाले होते. बाहेर वारणेची पोरं तोंड पाडून उभी होती. मी त्यांना समजावून सांगण्यासाठी मनात वाक्यं जुळवत होतो, तोवर बसू त्यांच्या घोळक्यात शिरलाही. "काय रं, रडताय व्हय? पिक्चर भारी हाय तुमचा. आमच्या मास्तरनं पकडलं त्ये मात्र खरं हाय. नारळ फोडा की, कोन न्हाय म्हणतंय? पर कॅमेरा बंद करून फोडा. देव काय कॅमेऱ्यातनंच बघतोय व्हय?" पोरं खदखदून हसली. एकाने त्याच्या पाया पडायचा प्रयत्न केला. मी गुणपत्रिका हातात धरून मागे उभा होतो. पुढच्या वर्षी ती पोरं पुन्हा आली, पहिली आली, आणि बक्षीस घेताना माईकवर म्हणाली की बसूअण्णांनी आमचे डोळे उघडले. बसूने तिसऱ्या रांगेतून माझ्याकडे बोट दाखवलं, "अरं, त्यो बघा, त्यानं." लोकांना वाटलं हा त्याचा मोठेपणा. सगळ्यांनी त्याच्यासाठीच टाळ्या वाजवल्या. जिंकलो मी होतो, पण त्याला हरताही माझ्या जिंकण्यापेक्षा छान येत होतं. त्या संध्याकाळी मी त्याच्याशी फारसं बोललो नाही. त्याला ते कळलं असावं. त्याने मला स्कूटरवर घरी सोडलं. माझ्या दारात म्हणाला, "तुला दिसलं, मला दिसलं न्हवतं. ध्यानात ठेव." आणि गेला.

अशा माणसाचा हेवा करणं फार अवघड असतं. तो लबाड असता, आखडू असता, तर मी सुटलो असतो. पण तो प्रत्येक वेळी मलाच पुढे ढकलायचा आणि ढकलताना लोकांना तोच दिसायचा. मला गुण हवे होते ते त्याच्याकडून. ते त्याने दिलेसुद्धा, तरी माझ्या मनात खात्री बसत नव्हती. माझी नजर खरंच माझी आहे, की त्याने माडीच्या किल्लीसारखी तीही मला वापरायला दिली आहे? पंधरा-सोळा वर्षं मी या एका प्रश्नाभोवती फिरत राहिलो.

गेल्या वर्षी तो आजारी पडला. स्पर्धेला येणं शक्य नव्हतं. त्याच्या जागी मंडळाने दुसरे एक परीक्षक बोलावले, आणि मी इमानाचा रकाना घेऊन पहिल्यांदा त्याच्याशिवाय बसलो. स्पर्धा झाल्यावर तो उपचारासाठी मिरजेत राहत होता, तिथल्या पत्त्यावर मी त्याला पत्र लिहिलं. फोन करता आला असता, पण त्याच्याशी बोलताना माझी वाक्यं नेहमी त्याच्यापेक्षा फिकी पडत, म्हणून लिहिलं. पत्र त्याला मिळालं होतं. वहिनींकडून त्याने ते दोनदा वाचून घेतलं. त्यानंतर तो मंडळात येऊ शकला नाही. लिहिलेल्या पत्राची नक्कल ठेवायची मला शिक्षकी सवय आहे. ती खाली देतो. त्यात एक शब्दही बदललेला नाही.

प्रिय बसू,

तब्येत कशी आहे हे वहिनींना विचारतो, तुला विचारत नाही, कारण तू खरं सांगत नाहीस.

स्पर्धा पार पडली. पेठ वडगावच्या एका संघाला रहस्यपट निघाला होता. एका म्हातारीची कोंबडी हरवते. ती गल्लीतल्या प्रत्येक घरी विचारत फिरते. कुणी दारातूनच परत पाठवतं, कुणी तिच्याबरोबर शोधू लागतं. शेवटच्या घरी रश्शाचा वास येतो. घरचे लोक जरा गडबडतात आणि म्हणतात, आजी, जेवायला बसा. म्हातारी त्यांच्याकडे बघते, पदर सावरते आणि बसते. ताट येतं. सिनेमा संपला.

हॉल हसून लोटपोट झाला. शेजारचे परीक्षक म्हणाले, हा विनोदी आहे, इमानात मार खाणार. माझ्या प्रश्नावलीप्रमाणे मीही गुण कापायला हवे होते, कारण चोर सगळ्यांना कळला आणि सिनेमात तरीही कुणी बोललं नाही. पण मला वाटलं, कोंबडी कुणी खाल्ली हे यातलं रहस्य नाहीच. कळूनही ती म्हातारी का बसली, हे रहस्य आहे. भूक असेल, एकटेपण असेल, त्यांची लाज राखायची असेल. घरी येताना मी तोच विचार करत होतो, अजून करतो आहे. मी पैकीच्या पैकी दिले, आणि भांडून ते कायम ठेवले.

बसू, हे मला दिसलं तेव्हा तू तिथे नव्हतास. तू काय म्हणशील याकडे माझा अर्धा कान नव्हता. मला फार बरं वाटलं, आणि तू आजारी असताना बरं वाटलं म्हणून तितकंच वाईटही वाटलं. दोन्ही लिहितो. तुझ्याशी इमान राखायचं तर एकच लिहून चालणार नाही.

सिनेमाची सीडी माझ्याकडे आहे. ती मुद्दाम पाठवत नाही. पाठवली तर तू पडल्या पडल्या बघशील, मला न दिसलेलं काहीतरी एका वाक्यात सांगशील, आणि मग हा सिनेमाही तुझा होईल. थोडे दिवस तो माझाच राहू दे. बरा होऊन आलास की दोघं मिळून बघू. तेव्हा तुला काय बोलायचं ते बोल.

तुझा,
मिलिंद